तडजोडीचा वकील

अंतोनियो कोस्टा, पोर्तुगालचा माजी पंतप्रधान आणि आता युरोपियन कौन्सिलचा, म्हणजे युरोपीय संघातल्या २७ देशांच्या प्रमुखांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याचं नाव निघालं की आमच्याकडे कुडाळ-सावंतवाडीत लोक पहिलं एकच विचारतात, "तो मडगावचो मां?" हो, मडगावचा. म्हणजे वडलांच्या घराण्याचं घर मडगावचं, आबे फारिया रोडवर, अजून उभं आहे. एवढं कळलं की लोकांचं समाधान होतं आणि गप्पा पुढे सरकतात. २०२६ च्या २६ जानेवारीला दिल्लीत संचलनाला तो युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्याबरोबर प्रमुख पाहुणा म्हणून आला तेव्हा तर व्हॉट्सॅपवर दिवसभर हेच, कोकणचा सुपुत्र, गोव्याची शान, फोटोवर फोटो. अभिमान मलाही वाटला, का वाटू नये. पण मला त्याच्या मुळापेक्षा त्याचा पेशा जास्त जवळचा वाटतो. हा माणूस वकील आहे, आणि त्याच्या सगळ्या राजकारणावर त्या वकिलीचा ठसा आहे, त्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसं लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

मी इथे तालुका कोर्टात दिवाणी कामं करते. कोकणात दिवाणी म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, वाटपाचे दावे. सातबारावर आजोबांच्या काळापासूनची सामायिक नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत, एक आत्या बडोद्याला दिलेली, एकाची सही मिळेपर्यंत दुसरा वारतो मग त्याचे वारस लावा, आणि मिळकत म्हणाल तर घर, खळं, थोडी कलमं नि विहिरीवर जायची वाट. अशा दाव्यात निकाल लागला तरी भांडण संपत नाही, अपील होतं, मग अंमलबजावणीची दरखास्त, मग कोर्ट कमिशनर, मोजणी, पुन्हा हरकत. ज्या दिवशी सगळे हिस्सेदार एका कागदावर सह्या करतात, तडजोड पुरसीस, म्हणजे आपसात मिटल्याचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दाखल होते, जजसाहेब एकेकाला विचारतात की मजकूर मान्य आहे ना, कोणाची जबरदस्ती नाही ना, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २३ रूल ३ खाली तसा हुकूमनामा होतो, त्या दिवशी खरं काम झालं असं मी मानते.

ही पुरसीस लिहिणं सोपं नसतं. दोन भाऊ एका बाकड्यावर बसायला तयार नसतात, त्यांच्याशी वेगवेगळं बोलावं लागतं. कोणाला काय हवंय ह्यापेक्षा कोणाला घरी जाऊन काय सांगता आलं पाहिजे ते ओळखावं लागतं. जी गोष्ट मिटणारच नाही ती कागदात घ्यायचीच नाही, तिला वळसा घालून जे मिटतंय तेवढं पक्कं करायचं. लोक म्हणतात तडजोड म्हणजे नमतं घेणं. मला ते अजिबात पटत नाही, उलट युक्तिवाद करून दावा जिंकण्यापेक्षा ह्याला जास्त डोकं लागतं आणि जास्त धीर लागतो.

कोस्टाची पन्नास वर्षांची वाटचाल मी ह्याच नजरेने बघते.

आधी घरचं सांगते, कारण ते आपल्याशी फार गुंतलेलं आहे. वडील ओर्लांदो दा कोस्टा, जन्म मोझांबिकचा पण लहानपण मडगावात गेलेलं, मग शिकायला लिस्बनला गेले आणि तिथेच राहिले. लेखक होते, गोव्यावर कादंबरी लिहिली, कम्युनिस्ट होते, हुकूमशहा सालाझारच्या पोलिसांनी त्यांना पकडून तुरुंगातही टाकलं होतं. आई मारिया अंतोनिया पाल्ला, पत्रकार, बाईच्या हक्कांसाठी उभी राहिलेली, गर्भपातावर टीव्हीवर कार्यक्रम केला म्हणून तिच्यावर खटला भरला गेला नि ती त्यातून निर्दोष सुटली. मुलगा जन्मला १७ जुलै १९६१ ला, लिस्बनमध्ये. म्हणजे तो पाच महिन्यांचा होता तेव्हा १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. घरातलं त्याचं लाडाचं नाव बाबूश, आता हे नाव गोव्यात आणि आमच्या सीमेवरच्या गावांत दर वाडीत एकाचं तरी असतंच.

इथे एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही बांदा-सावंतवाडीकडची माणसं, आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना १५ ऑगस्ट १९५५ आठवतो, पत्रादेवीच्या हद्दीवर सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या तो दिवस. त्यामुळे 'पोर्तुगालचा पंतप्रधान आपला' असं म्हणताना आमच्याकडे काही जुन्या माणसांच्या कपाळावर आठी येते. मी त्यांना सांगते की गोळ्या घालणारी ती राजवट सालाझारची होती, आणि ह्याचे वडील त्याच राजवटीच्या तुरुंगात होते. ती राजवट २५ एप्रिल १९७४ ला खुद्द पोर्तुगालच्या लोकांनी आणि सैनिकांनी पाडली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा नगर हवेली भारताचे हे पोर्तुगालने मान्य केलं. त्या कागदावर सह्या कोणाच्या, तर त्यांच्याकडून परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. दोघंही वकील. मला हा योग फार मोलाचा वाटतो, गोवा मुक्त झाल्यानंतरची तेरा वर्षं चाललेला अबोला शेवटी एका मसुद्यावर येऊन संपला.

हे सोआरेस म्हणजे कोस्टाच्या पक्षाचे संस्थापक, समाजवादी पक्षाचे. पंतप्रधान असताना त्यांनीच पोर्तुगालला युरोपच्या दारात नेलं, १९८६ च्या १ जानेवारीला देश युरोपीय समुदायात गेला. कोस्टा १४ वर्षांचा असताना ह्या पक्षाच्या युवक संघटनेत गेला, क्रांतीला जेमतेम वर्ष झालं होतं, देशात रोज मोर्चे. त्या वयात आपल्याकडची पोरं क्रिकेट खेळतात, हा पोस्टरं चिकटवत होता.

युवक समाजवादी म्हटलं की मला लगेच बॅरिस्टर नाथ पै आठवतात. वेंगुर्ल्याचे, लंडनला कायदा शिकलेले, राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून सलग तीनदा लोकसभेत. जगभरातल्या समाजवादी युवक संघटनांची जी आंतरराष्ट्रीय संघटना होती तिचे ते अध्यक्ष होते, हे आमच्या जिल्ह्यातल्या आजच्या पोरांना माहीतही नाही. १९७१ च्या जानेवारीत बेळगावात ते गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्या भाषणांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, लोक कामधंदा टाकून ऐकायला यायचे, लोकसभेत ते उभे राहिले की सभागृह शांत व्हायचं. आणि ते खरंच होतं. पण त्यामुळे आमच्या डोक्यात वकील-पुढाऱ्याचं एकच चित्र बसलं, वक्ता. नाथ पैंनी गोलकनाथ निकालानंतर (संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल) घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल जे खासगी विधेयक आणलं, त्यामागचा अभ्यास, ती कलमं, ती चर्चा, ह्याबद्दल कोणी बोलत नाही. मसुदा लिहिणाऱ्या नाथ पैंना आम्ही विसरलो नि भाषण करणारे तेवढे जपले. कोस्टा वक्ता म्हणून काही मोठा नाही, बोलताना अर्धे शब्द गिळतो अशी त्याच्या देशात त्याची ओळख आहे. म्हणूनच त्याच्याकडे बघितलं की वकिलीची ती दुसरी बाजू स्वच्छ दिसते.

लिस्बन विद्यापीठात त्याने कायदा केला. तिथे त्याला शिकवणाऱ्यांत एक मार्सेलो रेबेलो द सोझा, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते पुन्हा येतील ह्या गोष्टीत. ज्युनियरशिप केली ती जोर्ज सांपायो आणि व्हेरा जार्दिम ह्यांच्या ऑफिसात. आता हे ऑफिस बघा कसलं, सांपायो हुकूमशाहीत राजकीय कैद्यांच्या केसेस लढलेले, पुढे लिस्बनचे महापौर आणि मग दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष. व्हेरा जार्दिम पुढे कायदामंत्री. आणि त्यांच्यानंतर १९९९ ला कायदामंत्री कोण झालं, तर त्यांच्याच ऑफिसातला हा ज्युनियर. सीनियर कोण मिळतो ह्यावर वकिलाचं निम्मं आयुष्य ठरतं असं आमच्या बार रूममध्ये म्हणतात ते उगाच नाही. कोर्टात तो फार वर्षं राहिला नाही, १९९१ ला संसदेत गेला. पण कागद वाचायची, समोरच्याची बाजू आधी स्वतः मांडून बघायची सवय त्या ऑफिसात लागते आणि ती मग सुटत नाही.

१९९३ ची एक गंमत त्याच्या देशात सगळ्यांना पाठ आहे. लिस्बनला लागून लौरेस म्हणून भाग आहे, तिथे तो महापौरपदाला उभा राहिला. प्रश्न रोजचा, सकाळी लिस्बनला जायचं तर रस्त्यावर गाड्यांची रांग, मेट्रो पाहिजे अशी मागणी. ह्याने काय करावं, भर गर्दीच्या वेळी त्याच चढाच्या रस्त्यावर एक गाढव आणि एक फेरारी ह्यांची शर्यत लावली. गाढव जिंकलं. निवडणूक तो थोडक्यात हरला, पण मुद्दा सगळ्या देशाच्या टीव्हीवर गेला, आणि त्या बाजूला ओदिवेलाशपर्यंत मेट्रो २००४ ला पोचली. मला ह्यात वकील दिसतो, शंभर पानांची कैफियत देण्यापेक्षा एक पुरावा असा समोर ठेवायचा की उलटतपासणीच होऊ नये. आमच्या चौपदरीकरणाच्या हायवेसाठी कोणीतरी असा पुरावा मांडायला हवा होता असं मला दर पावसाळ्यात वाटतं.

पुढे १९९५ ला गुतेरेस पंतप्रधान झाले, तेच जे नंतर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. संसदेत २३० जागा, त्यांच्याकडे ११२. म्हणजे प्रत्येक विधेयकाला बाहेरची मतं आणायची. हे काम ज्याच्याकडे आलं तो कोस्टा, आधी संसदीय कामकाजाचा राज्यमंत्री, मग मंत्री, शिवाय १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनाची जबाबदारी. चार वर्षं तो हेच करत होता, ह्या पक्षाच्या माणसाला कॉरिडॉरमध्ये गाठ, त्या पक्षाच्या माणसाबरोबर कॉफी घे, हे कलम बदलू, ते पुढच्या वर्षी घेऊ. कॅमेऱ्याला दिसणारं काम नाही हे. पण माझ्या मते पुढचं सगळं ह्या चार वर्षांत घडलं.

युरोपची पायरी त्याला एका दुःखद प्रसंगाने मिळाली. २००४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत यादीत पहिलं नाव सूझा फ्रांको ह्यांचं होतं, माजी अर्थमंत्री. मतदानाला चार दिवस असताना मातोझिन्योश बंदरावर मासळीच्या लिलावाच्या जागी प्रचार चालला होता, तिथे पक्षातल्याच दोन गटांची धक्काबुक्की झाली, त्यानंतर त्यांना हार्ट अटॅक आला नि ते गेले. यादीत दुसरा कोस्टा. तो निवडून जाऊन युरोपीय संसदेचा उपाध्यक्ष झाला, पण वर्षाच्या आत परत बोलावणं आलं आणि २००५ ला तो देशाचा गृहमंत्री.

दोन वर्षांनी ते मंत्रिपद सोडून त्याने लिस्बन महापालिकेची मुदतीआधीची निवडणूक लढवली. हे मला फार आवडतं, गृहमंत्री माणूस कर्जात बुडालेली महापालिका हातात घ्यायला खाली उतरतो. १७ पैकी ६ जागा मिळाल्या. मग डावीकडच्या सा फर्नांदेसला बरोबर घेतलं (तोही वकीलच, महापालिकेविरुद्ध कोर्टात जाणारा), पुढे अपक्ष हेलेना रोझेताला घेतलं, आणि २००९ ला ह्या दोघांना सरळ आपल्या यादीत जागा दिली. शहरातला इंतेंदेंते म्हणून भाग ड्रग्ज आणि वेश्याव्यवसायासाठी बदनाम, लोक तिकडून जायचे नाहीत, ह्याने आपलं ऑफिसच २०११ ला तिकडे नेलं. महापौर रोज तिथे येतो म्हटल्यावर रस्ते, दिवे, पोलीस, दुकानं सगळं हलू लागलं. पुढे त्याच लिस्बनमध्ये पर्यटक आणि परदेशी पैसेवाल्यांमुळे भाडी इतकी चढली की साध्या माणसाला राहणं मुश्कील झालं, आणि त्याचा दोष त्याच्या पदरात घालावाच लागेल, महापौर म्हणूनही नि पंतप्रधान म्हणून तर जास्तच. गोव्यात आणि आता आमच्या मालवणातही हेच सुरू आहे, त्यामुळे हे वाचताना मला परकं वाटत नाही.

आणि त्याच महापौरपदाच्या पहिल्या वर्षी, १३ डिसेंबर २००७ ला, लिस्बनच्या जेरोनिमोस मठात युरोपचे सगळे नेते जमले आणि लिस्बन करारावर सह्या झाल्या. वास्को द गामाची कबर ज्या मठात आहे तोच हा. ह्या कराराने युरोपियन कौन्सिलच्या पूर्णवेळ अध्यक्षाचं पद तयार केलं. शहराचा महापौर तेव्हा हाच होता.

आता २०१५. हे मी सविस्तर लिहिणार, कारण माझ्यासाठी त्याच्या कारकिर्दीचा गाभा हाच.

पोर्तुगाल २०११ ला दिवाळखोरीच्या काठावर गेला होता, ७८ अब्ज युरोचं कर्ज घ्यावं लागलं आणि त्याच्या अटी म्हणून पगार कापले, पेन्शनी गोठवल्या, चार सुट्ट्यासुद्धा रद्द केल्या. ऑक्टोबर २०१५ च्या निवडणुकीत उजव्या आघाडीला १०७ जागा, कोस्टाच्या पक्षाला ८६. म्हणजे तो हरला. दुसरा कोणी असता तर राजीनामा देऊन घरी गेला असता. त्याने आकडे मांडले, डावा गट नावाच्या पक्षाचे १९, कम्युनिस्ट आणि त्यांचे हिरवे साथी १७, आपले ८६, बेरीज १२२, बहुमताला ११६ पुरतात. पण समाजवादी आणि कम्युनिस्ट ह्यांचं वैर १९७५ पासूनचं, चाळीस वर्षांत कम्युनिस्टांनी ह्यांच्या सरकारला टेकू दिलेला नव्हता. नाटो नको म्हणणारे ते, युरोला विरोध करणारे ते. आणि डावा गट नि कम्युनिस्ट ह्यांचंही आपसात पटत नाही, एका टेबलावर बसून एका कागदावर सही करायला तयार नाहीत.

त्याने तीन वेगवेगळे कागद केले. प्रत्येक पक्षाबरोबर स्वतंत्र करार, स्वतंत्र सही, समारंभ नाही, भाषणं नाहीत, मंत्रिमंडळात ते तिघं नाहीत. नाटो, युरो हे जे मिटणारच नव्हतं ते कागदाबाहेर ठेवलं. आत काय, तर कापलेले पगार परत, पेन्शन मोकळी, सुट्ट्या परत, किमान वेतन दरवर्षी वाढवायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठले होते, कारण ही शब्दशः तडजोड पुरसीस आहे! भावाभावांना समोरासमोर न आणता, जे वाटून घेता येतं ते वाटून, देवघर कोणाचं हा वाद तसाच ठेवून केलेली. राष्ट्राध्यक्ष काव्हाको सिल्व्हा उजवे, त्यांना हे मुळीच पसंत नव्हतं, त्यांनी अटी घातल्या, हमी मागितली, पण शेवटी २६ नोव्हेंबर २०१५ ला शपथ द्यावीच लागली.

विरोधक ह्या सरकारला खटारा म्हणून हिणवत होते, सहा महिन्यांत मोडेल म्हणत होते. ते पूर्ण चार वर्षं चाललं. किमान वेतन ५०५ युरोवरून ६०० वर गेलं, आणि त्याच वेळी तूट कमी होत होत २०१९ ला लोकशाही आल्यापासून पहिल्यांदा अर्थसंकल्पात शिल्लक पडली. त्याचा अर्थमंत्री युरो गटाचा, म्हणजे युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचा, अध्यक्ष झाला, ज्या देशाला शिस्त शिकवायला माणसं येत होती त्याच देशाचा. टीका करणारे म्हणतात की जगात व्याजदर कमी होते, पर्यटन वाढलं, नशीब होतं, सरकारी गुंतवणूक मात्र अडवून ठेवली. ह्यात तथ्य आहे, दवाखान्यांची नि शाळांची तक्रार खरी होती. आणि २०१७ च्या वणव्यांचा डाग कधी पुसला जाणार नाही, पेद्रोगाव ग्रांदेत जूनमध्ये साठाहून जास्त माणसं गेली, बरीचशी रस्त्यावर गाड्यांत अडकून, आणि ऑक्टोबरात पुन्हा तेच. त्याच्या गृहमंत्री बाईंना तेव्हा जावं लागलं. दोन्ही वेळा सरकार तयारीत नव्हतं, आणि माझ्या मते जूननंतरच्या ऑक्टोबरला माफी नाही.

त्याच वर्षाच्या जानेवारीत तो भारतात आला होता, बंगळूरला प्रवासी भारतीय दिवसाला, तिथे त्याला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळालं, मग मडगावच्या घरी जाऊन नातेवाइकांना भेटला. ह्याच दौऱ्यात असताना सोआरेस वारले आणि तो अंत्यसंस्काराला परत गेला नाही, त्यावरून तिकडे बोलणी खाल्ली. ज्या माणसाने गोव्याच्या कागदावर सही केली तो गेला तेव्हा त्याच्या पक्षाचा हा वारस भारतात पाहुणा होता.

थोडं विषयांतर करते पण मालवण तालुक्यासाठी करायलाच हवं. २०१७ च्या जूनमध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला लिओ वराडकर, मूळ वराडच्या घराण्याचा, वडील डॉक्टर. म्हणजे ब्रसेल्सच्या त्या टेबलावर एकाच वेळी दोन पंतप्रधान असे की ज्यांच्या वडलांची घरं एकमेकांपासून गाडीने काही तासांवर, एक वराड, एक मडगाव. २०१९ च्या डिसेंबरात वराडकर गावी आला होता तेव्हा सगळं वराड रस्त्यावर होतं. ही दोन मुलं दोन वेगळ्या पक्षांची, दोन वेगळ्या विचारांची, आणि दोघांनाही तिकडच्या मतदारांनी आपापल्या कामावर निवडून दिलं.

पुन्हा मूळ धाग्यावर. २०१९ ला जागा वाढून १०८ झाल्या, पण ह्या वेळी लेखी करार केले नाहीत. दर बजेटला बोलू म्हणाले. २०२१ च्या शरदात डाव्यांनी बजेट पाडलं, निवडणूक लागली, आणि जानेवारी २०२२ ला कोस्टाला १२० जागा, स्पष्ट बहुमत. आता कोणाला विचारायची गरज नाही. आणि नेमकं इथूनच घसरण सुरू झाली. वर्षभरात दहाहून जास्त मंत्री-राज्यमंत्री गेले, सरकारी विमान कंपनीतल्या एका बाईंना ५ लाख युरोची भरपाई दिली त्यावरून मोठं प्रकरण झालं. ८६ जागांवर चार वर्षं नीट चाललेला माणूस १२० जागांवर दोन वर्षंही टिकला नाही. मला ह्यात योगायोग दिसत नाही. समोर कोणी हरकत घेणारा असला की मसुदा तीनदा वाचला जातो. तो नसला की माणूस न वाचता सही करायला लागतो, मग तो कितीही हुशार असो.

७ नोव्हेंबर २०२३ ला पोलिसांनी पंतप्रधानांच्या ऑफिसातही झडती घेतली. लिथियम खाणी, हायड्रोजन, सीनेशमधलं डेटा सेंटर ह्या प्रकल्पांच्या परवानग्यांचा तपास. त्याच्या कार्यालयप्रमुखाला अटक, त्याच्या ऑफिसात ७५,८०० युरो रोख सापडले. सरकारी वकिलांच्या प्रेस नोटमध्ये शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य, पंतप्रधानांचंही नाव आल्याने त्याबद्दल वेगळा तपास होईल. कोस्टाने त्याच दिवशी राजीनामा दिला. अशा संशयाच्या छायेत ह्या पदावर बसता येत नाही असं त्याचं म्हणणं. काही दिवसांनी कळलं की फोनच्या एका संभाषणात अंतोनियो कोस्टा असं जे लिहिलं होतं तिथे बोलणाऱ्याने अंतोनियो कोस्टा सिल्व्हा म्हटलं होतं, म्हणजे अर्थव्यवस्था खात्याचा मंत्री! नावाच्या एका शब्दाने काय होतं ते आम्हा महसुली कागद वाचणाऱ्यांना विचारा.

माझं मत स्पष्ट सांगते. राजीनामा दिला ते योग्यच केलं. माजी कायदामंत्री खुर्चीवर बसून आपल्याच तपासाला सामोरा जातोय हे चित्र कोर्टालाही नको आणि देशालाही नको. पण रोख रकमेचं प्रकरण छोटं नव्हतं, आपण नेमलेल्या माणसाच्या कपाटात पैसे सापडतात तेव्हा जबाबदारी आपली, आणि त्याने लोकांची जाहीर माफी मागितली ती मागायलाच हवी होती. राष्ट्राध्यक्ष म्हणजे तेच मार्सेलो सर, त्यांनी पक्षाला दुसरा पंतप्रधान द्यायची संधी न देता निवडणूक लावली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये टोकाच्या उजव्या शेगा पक्षाला ५० जागा मिळाल्या. ही किंमत फार मोठी होती.

मग वाटलं संपलं. पण जूनमध्ये युरोपच्या नेत्यांनी त्यालाच युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष निवडलं, आणि त्याच्या नावाला पाठिंबा कोणी दिला तर त्याच्या जागी पंतप्रधान झालेल्या लुईस मोंतेनेग्रोने, विरोधी पक्षाच्या. इटलीच्या मेलोनी बाईंनी विरोधात मत दिलं. पदावर बसायच्या आधी तो एकेक राजधानी फिरला, विरोधात असलेल्यांकडेही गेला. १ डिसेंबर २०२४ ला, लिस्बन करार अमलात आला त्याला बरोबर १५ वर्षं झाली त्या दिवशी, कामाला लागला आणि पहिला दिवस कीव्हमध्ये घालवला.

हे पद असं की त्याला मत नाही. २७ पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष, बहुतेक निर्णय सर्वसंमतीने, आणि अध्यक्षाच्या हातात फक्त मसुदा नि फोन. २०२५ च्या डिसेंबरात युक्रेनला पैसे द्यायचे होते, रशियाच्या गोठवलेल्या पैशांवरून बेल्जियम अडून बसलं, हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक तयार नाहीत. रात्रभर बैठक चालली आणि पहाटे कागद निघाला, ९० अब्ज युरोचं कर्ज युरोपने एकत्र उचलायचं, त्या तिघांवर बोजा नाही, त्यांनी आडवं यायचं नाही. गोठवलेल्या पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला. २०१५ चीच रीत.

आणि आपल्या व्यापार कराराचंही तसंच. भारत-युरोप बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली. पुन्हा सुरू करायचं ठरलं ते मे २०२१ च्या बैठकीत, पोर्तोहून, तेव्हा युरोपचं फिरतं अध्यक्षपद पोर्तुगालकडे आणि पंतप्रधान कोस्टा. २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली तेव्हाही तो समोर उभा. मजकुराला अजून युरोपीय संसदेची मंजुरी लागेल. आमच्या वेंगुर्ल्याच्या काजूवाल्यांनी आणि रत्नागिरीच्या मासळी निर्यातवाल्यांनी ती कलमं आतापासून कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावीत, भाषणं ऐकून थांबू नये.

त्याची मुदत अडीच वर्षांची, ३१ मे २०२७ पर्यंत, एकदा वाढवता येते. त्याआधी टेबलावर आहे २०२८ ते २०३४ चं युरोपचं बजेट, जवळजवळ २ लाख कोटी युरोचं, शेतकऱ्यांचा वाटा किती नि संरक्षणाचा किती ह्यावर सगळ्यांची भांडणं, आणि एकाचीही सही कमी पडून चालत नाही. मी त्या मसुद्यांकडे डोळे लावून बसलेय.